सुटा भाग नसताना : मुंबईतील जुन्या मोटारींच्या दुरुस्तीचा इतिहास

जुन्या आलिशान मोटारीच्या इंजिनाची दुरुस्ती हा मुंबईत टंचाईतून घडलेला धंदा आहे. गाडी परदेशी, ती जोडणारा कारखाना बंद, सुटा भाग बाजारात नाही आणि मालकाला तर ती रस्त्यावर हवी, अशा वेळी मिस्त्रीला दोन गोष्टी याव्या लागत. एक, इंजिन न उघडता बिघाड नेमका ओळखणे. दुसरी, झिजलेला भाग हाताने पुन्हा उभा करणे. या कामाला लागणारे कारखाने, लेथ आणि जुन्या मालाचे बाजार शिवडी ते कुर्ला या पट्ट्यात आणि गिरगाव, लालबाग, परळ या भागांत होते. शीव कोळीवाडा या पट्ट्याच्या मध्यावर येतो.

शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट इथे संपे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होई. खाडीच्या काठी कोळ्यांची वस्ती होती. १७९८ ते १८०५ या काळात, जोनाथन डंकन गव्हर्नर असताना, शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बांध झाला आणि पुढे आग्रा रोडची वाहतूक याच तोंडातून शहरात येऊ लागली. विसाव्या शतकात या वाटेच्या दोन टोकांना मोटारींचे दोन कारखाने आले. दक्षिणेला शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ मध्ये जोडणीचा कारखाना सुरू केला. पेट्यांतून जहाजाने आलेले भाग जोडून तिथून शेव्हरोले, ब्यूक यांसारख्या गाड्या बाहेर पडत. उत्तरेला कुर्ला येथे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने (स्थापना १९४४) १९४७ पासून क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या गाड्यांची जोडणी केली.

मोटारी नव्या होत्या, पण त्या दुरुस्त करणारे हात आधीच घडलेले होते. परळचा रेल्वे कारखाना १८७९ चा, माटुंग्याचा १९१५ चा. १८८७ मध्ये स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९२३ मध्ये भायखळ्याहून माटुंग्याला आली. गिरण्यांत तर प्रत्येक खात्यात फिटर आणि टर्नर असत. गिरणीचा लांबलचक शाफ्ट ज्या धातूच्या बेअरिंगवर फिरे, त्याच प्रकारच्या धातूवर त्या काळच्या मोटारीची क्रँकही फिरत होती. कथिलात अँटिमनी आणि तांबे मिसळून केलेल्या या मऊ धातूला कारागीर ‘व्हाइट मेटल’ म्हणत. शेव्हरोलेच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांत कनेक्टिंग रॉडला असे ओतीव बेअरिंग १९५०च्या दशकाच्या आरंभापर्यंत होते. त्यामुळे गिरणीतली विद्या मोटारीला जशीच्या तशी लागू पडली.

असे बेअरिंग झिजले की नवे विकत घेण्याचा प्रश्न नव्हता. ते ओतावे लागे. जुना धातू वितळवून काढायचा, रॉडचा डोळा साफ करून त्याला कल्हई करायची आणि मग मधोमध गाभा धरून तापलेला रस ओतायचा. रस पुरेसा तापला की नाही हे त्यात लाकडाची काडी बुडवून, ती किती लवकर काळवंडते यावरून पाहत. कल्हई नीट बसली नसेल तर ओतलेला थर पुढे सुटून निघे आणि सगळे काम वाया जाई. थंड झाल्यावर बेअरिंग लेथवर जवळजवळ मापात आणत. शेवटचे माप मात्र हातानेच येई. क्रँकच्या गोलाईला निळा रंग पुसटसा लावायचा, रॉड बसवून एक-दोन वेढे फिरवायचा आणि पुन्हा काढायचा. जिथे निळे डाग उठले ती जागा उंच. तिकोनी कानस घासून केलेल्या स्क्रेपरने ती हलकेच खरवडायची. डाग बेअरिंगभर सारखे उठेपर्यंत हे चाले. क्रँक हाताने फिरावी, पण सैल वाटू नये, ही अखेरची कसोटी. टोपीखाली पत्र्याच्या पातळ चकत्या ठेवलेल्या असत. पुढे झीज झाली की त्यांतली एकेक काढून बेअरिंग पुन्हा आवळता येई.

दुसऱ्या महायुद्धाने या धंद्यात माणसांची भर घातली. सैन्याने हजारो तरुणांना गाडी चालवायला आणि दुरुस्त करायला शिकवले. दुरुस्तीसाठी स्वतंत्र तांत्रिक दल १९४३ मध्ये उभे राहिले. युद्ध संपल्यावर यांतले अनेकजण नागरी धंद्यात आले. पाठोपाठ फाळणी झाली. पंजाब आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना शीव कोळीवाड्यातील बराकींत जागा मिळाली आणि १९५०च्या दशकात तिथे त्यांच्यासाठी २५ इमारती, सुमारे १,२०० गाळे बांधले गेले. कोळ्यांच्या गावाशेजारी पंजाबी वस्ती उभी राहिली. पुढे कोळीवाडा स्थानकाचे नावही गुरू तेग बहादूर नगर झाले. मुंबईतल्या ट्रक आणि टॅक्सीच्या धंद्यात पंजाबी निर्वासितांनी मोठा वाटा उचलला. गाडी हेच पोट असलेल्या घरात ती बंद पडली तर चूल बंद पडते, त्यामुळे दुरुस्ती हा या धंद्याचा दुसरा हात होता.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की देशात टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष उत्पादन करण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच मोटारी बनवू द्याव्यात. सरकारने ती मानली. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. त्याच वर्षी प्रीमियरने फियाट ११०० हाती घेतली. परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक बंधने आली. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, ती एक अरुंद वाट उरली. परिणामी रस्त्यावरच्या ब्यूक, डॉज, प्लिमथ आणि शेव्हरोले इंपाला यांना जागा घेणारी नवी गाडी नव्हती, आणि भाग पुरवणारी कंपनीही नव्हती. पुढची चार दशके त्या मिस्त्रींच्या भरवशावर चालल्या.

भाग दुर्मिळ असला की निदान अचूक असावे लागते. चुकीच्या संशयावरून हेड उतरवले तर गॅस्केट फाटते, आणि दुसरे मिळेलच असे नाही. म्हणून ऐकणे, पाहणे आणि हात लावणे हा क्रम पक्का झाला. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की आवाजाची जागा कळते. खालून येणारी, ओझ्याखाली वाढणारी जड, दबकी थाप म्हणजे मेन बेअरिंग. त्याहून कडक ठोका म्हणजे रॉडचे बेअरिंग. ज्या सिलिंडरचा प्लग स्क्रू ड्रायव्हरने अर्थ केल्यावर तो ठोका विरतो, तोच रॉड सैल. थंड इंजिनात वाजणारा आणि तापल्यावर कमी होणारा आवाज झिजलेल्या पिस्टनचा. वरची हलकी टिकटिक टॅपेटची. प्लग अर्थ करूनही इंजिनाच्या चालीत फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नाही असे समजावे.

धूर दुसरी साक्ष देतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, तेव्हा कार्बोरेटर पाहावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. जोर दिल्यावर निळा धूर निघाला तर रिंगांवर संशय. उतारावरून पाय काढून आल्यानंतर किंवा सकाळी सुरू करताना निघाला तर व्हॉल्व्हच्या गाइडवर. पांढरा धूर थांबत नसेल, पाणी कमी होत असेल आणि चालू इंजिनात रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गेलेले असते. कॉम्प्रेशन मोजायचे गेज नसले तरी हँडल होते. ते सावकाश फिरवताना प्रत्येक सिलिंडरचा विरोध हाताला लागतो. एखादा सिलिंडर हलका वाटला तर त्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा फिरवायचे. विरोध वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर व्हॉल्व्हचा.

यांतले काहीच नसेल तर करंट आणि पेट्रोल यांची पाळी. डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट वारंवार जळत असतील तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. तो न बदलता पॉइंट घासत राहणे ही नवशिक्याची खूण. सहा सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांचा प्लग पेटण्याचा क्रम एक-पाच-तीन-सहा-दोन-चार असतो. गॅरेजमधला पोऱ्या पान्यांचे नंबर शिकतानाच तो पाठ करी. मे महिन्यात बोरघाट चढताना गाडी गुदमरून थांबली तर पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ अडकलेली असते. त्यावर ओला कपडा टाकून थोडा वेळ थांबणे एवढाच इलाज.

दोष सापडल्यावर भागाचा शोध सुरू होई. मोटारींचे सुटे भाग ऑपेरा हाउसच्या परिसरात, मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग चोर बाजारात आणि कुर्ल्यात मिळत. तिथेही न मिळालेला भाग लेथवर जाई. झिजलेला सिलिंडर बोअर करून इंचाच्या वीस, तीस किंवा चाळीस हजारांश भागाने मोठा करायचा आणि तसा पिस्टन घालायचा; त्यापुढे जागा उरली नाही की लायनर ठोकून मूळ मापावर यायचे. मूळ पिस्टन मिळालाच नाही तर दुसऱ्या गाडीचा, जवळच्या मापाचा पिस्टन तासून बसवत.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि आठ सिलिंडरची अमेरिकी गाडी पोसणे परवडेना. तेव्हा अनेक गाड्यांत पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवले गेले : कधी पर्किन्सचे, कधी मॅटाडोर टेम्पोचे. त्यासाठी इंजिनाचे पाय नव्याने वेल्ड करावे लागत, गिअरबॉक्स जुळवायला मध्ये जाड पट्टी कातावी लागे आणि आर.टी.ओ.च्या पुस्तकात इंधनाची नोंद बदलून घ्यावी लागे. गाडी थरथरे, आवाज ट्रकचा येई, पण ती चाले. भंगारात जाणाऱ्या कित्येक गाड्या या बदलाने वाचल्या.

१९९५ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे मर्सिडीझ-बेंझची ई-क्लास तयार होऊ लागली आणि आलिशान गाडीचा अर्थ बदलला. या गाड्यांत पेट्रोल किती आणि केव्हा सोडायचे हे संगणक ठरवतो. त्या काळच्या काही युरोपीय गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगवरचे वेष्टण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते. तारा एकमेकींना टेकतात, इंजिन मिसिंग करते आणि प्लग, कॉइल, सेन्सर बदलूनही दोष जात नाही. स्कॅनर इथे कोड दाखवतो, पण कोड म्हणजे संगणकाची तक्रार. कारण शोधायला तारेवरचे रबर बोटाने वाकवून पाहावेच लागते. इंधनही बदलले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या इंजिनांत शिशामुळे व्हॉल्व्हच्या सीट टिकत. त्यांना आता कठीण धातूच्या सीट बसवाव्या लागतात. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलामुळे जुने रबरी पाइप आणि पंपाचे डायाफ्रामही बदलावे लागत आहेत.

नव्या गाड्यांना भाग मिळतात, म्हणून बदलून पाहण्याची सवय वाढली आणि ओतून, खरवडून भाग उभा करणारे हात कमी झाले. मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. पॉइंट आणि कार्बोरेटर यांवर रोजचे काम देणारी गाडी तिच्याबरोबर संपली. जे काम उरले ते हौशी संग्राहकांचे. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते, तिला ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी मिळते आणि नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. त्यामुळे डिझेल इंजिन घालून वाचवलेली इंपाला या नोंदणीला पात्र ठरत नाही. हाताने ओतलेल्या बेअरिंगवर मूळ इंजिन चालू ठेवलेली मात्र ठरते.