कंदील, क्लोरोफॉर्म आणि जागा रुग्ण

१/ डिसेंबर १९२० मध्ये आपल्या नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकारावर शिक्कामोर्तब केले. तीन वर्षांनी त्या चळवळीचे नेते येरवड्यात कैदी होते आणि अपेंडिक्सच्या दुखण्याने आजारी. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींवर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात झाले.

२/ कंदिलाची ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. परंतु त्या काळी संकट केवळ अंधाराचे नव्हते. भूलही जिवावर बेतत असे. १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा वापर सुरू झाला आणि जानेवारी १८४८ मध्येच इंग्लंडमध्ये पायाचे नख काढण्यासाठी भूल दिलेली १५ वर्षांची हॅना ग्रीनर दगावली.

३/ मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १८८८-८९ मध्ये दोन आयोगांनी प्राण्यांवर प्रयोग केले. निष्कर्ष असा : आधी श्वास थांबतो, मग हृदय, म्हणून श्वासावर लक्ष ठेवावे. १९११ मध्ये लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की, हलक्या भुलीतही हृदय अकस्मात बंद पडू शकते.

४/ मग आधीच खंगलेल्या रुग्णाने काय करावे? १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला होता. १९०० मध्ये अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी त्याच दिशेने पुढचे पाऊल टाकले. विषमज्वराच्या रुग्णाचे आतडे फुटल्याची शंका आल्यास केवळ पोटाचा भाग बधिर करून आत पाहावे, असे त्यांनी मांडले.

५/ हे शक्य कसे? स्वीडनच्या लेनांडर यांनी याच सुमारास नोंदवले की, आतडे कापले तरी वेदना होत नाही. वेदना होते ती पोटाच्या भिंतीला आणि तिच्या आतील अस्तराला. म्हणून भिंत बधिर केली की पोट उघडता येते. मर्यादाही येथेच आहे : आतडे ओढले की रुग्ण कळवळतो, पोटाचे स्नायूही सैल पडत नाहीत. शल्यविशारदाचा हात हलका हवा आणि काम आटोपशीर.

६/ १९४३ मध्ये लिग्नोकेन तयार झाले आणि कोकेनपेक्षा पुष्कळ सुरक्षित औषध हाती आले. अतिवृद्ध किंवा हृदयविकाराच्या रुग्णाचे हर्नियात अडकलेले आतडे सोडवताना आजही हा मार्ग वापरला जातो.

७/ गांधीजी बरे झाले. ५ फेब्रुवारी १९२४ रोजी त्यांची सुटका झाली. यापुढे ससूनच्या कंदिलाची गोष्ट वाचाल, तेव्हा रुग्णाच्या उशाशी बसून त्याचा श्वास मोजणाऱ्या डॉक्टरचेही स्मरण ठेवा.