धुलाईच्या वहीतला नाइटगाउन

पहिली डिटेक्टिव्ह कथा कुणाची, याचं क्विझमधलं उत्तर सोपं आहे: एडगर ॲलन पो, 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग', १८४१. पण आपण आजही वेब सिरीजमध्ये जो साचा बघतो, म्हणजे मोठं घर, आतून बंद दारं, गुन्हेगार घरातलाच आणि बाहेरून आलेला एक तपास अधिकारी, तो साचा घट्ट व्हायला एक खरा खून बराचसा कारणीभूत आहे.

३० जून १८६०ची सकाळ. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातलं रोड हिल हाउस हे घर. मालक सॅम्युएल केंट, सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर. त्याचा जेमतेम पावणेचार वर्षांचा मुलगा सॅव्हिल पाळण्यातून गायब झाला आणि थोड्या वेळाने बाहेरच्या संडासात त्याचं प्रेत सापडलं. गळा चिरलेला होता. रात्री दारं-खिडक्या नीट लावलेल्या होत्या. सकाळी दिवाणखान्याची खिडकी तेवढी उघडी. बाहेरून कुणी घुसल्याची खूण नव्हती. म्हणजे खुनी त्या रात्री याच छपराखाली झोपला होता.

स्थानिक पोलिसांनी दोन आठवडे घोळ घातला. मग लंडनहून जॅक व्हिचर आला. लंडन पोलिसांची डिटेक्टिव्ह शाखा १८४२मध्ये निघाली तेव्हा तिच्यात फक्त आठ माणसं होती; व्हिचर त्यांतला एक. माळ्याचा मुलगा. डिकन्सने आपल्या साप्ताहिकात त्याच्यावर लिहिलंही होतं.

व्हिचरची नजर अडकली ती कपड्यांच्या यादीवर. केंटची पहिल्या बायकोपासूनची मुलगी कॉन्स्टन्स, वय १६. तिच्या यादीत तीन नाइटगाउन होते, कपाटात दोनच. तिसरा धुलाईला गेला आणि हरवला, असं तिचं म्हणणं. धुलाईच्या वहीत त्याची नोंद होती. धोबीण मात्र म्हणत होती, गठ्ठ्यात तो आलाच नाही. व्हिचरने ताडलं: रक्ताचा नाइटगाउन नष्ट केला गेला, आणि स्वच्छ नाइटगाउन वहीत चढल्यावर टोपलीतून हळूच परत काढून घेतला गेला. म्हणजे हरवल्याचा दोष धोबिणीवर. जी वस्तू समोर नाही तीच पुरावा, ही कल्पना कॉनन डॉयलने १८९२मध्ये न भुंकलेल्या कुत्र्याच्या रूपात अजरामर केली. व्हिचर तिच्यावर ३२ वर्षं आधी काम करत होता.

पण नसलेली वस्तू कोर्टात दाखवता येत नाही. २० जुलैला कॉन्स्टन्सला अटक झाली आणि आठवड्याभरात तिला सोडून देण्यात आलं. मग वर्तमानपत्रं व्हिचरवर तुटून पडली. माळ्याच्या पोराने घरंदाज मुलीचे आतले कपडे मोजायचे म्हणजे काय! इंग्रज माणसाचं घर म्हणजे त्याचा किल्ला. त्यात पोलिसाने डोकावायचं का, हा प्रश्न लोकांना खुनाइतकाच मोठा वाटला. खुनाच्या दिवशीच स्वयंपाकघरात एक रक्ताळलेला कपडा सापडला होता. स्थानिक पोलिसांनी तो हातचा घालवला आणि व्हिचरला त्याचा पत्ताच लागू दिला नाही. ही गोष्ट पुढे बाहेर आली, पण तोवर व्हिचरचं नाव खराब झालेलं होतं. १८६४मध्ये त्याने नोकरी सोडली.

एप्रिल १८६५मध्ये कॉन्स्टन्स स्वतः लंडनच्या कोर्टात आली आणि तिने गुन्हा कबूल केला. फाशीची शिक्षा जन्मठेपेवर आली. २० वर्षांनी सुटून ती ऑस्ट्रेलियाला गेली, नर्स झाली आणि १९४४मध्ये वयाच्या १००व्या वर्षी वारली.

कबुलीनंतर तीन वर्षांनी विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' आली. तिच्यातला सार्जंट कफ माळीकाम करणाऱ्याच्या घरातला आहे. तो धुलाईची वही मागतो, डागाळलेला नाइटगाउन शोधतो आणि घरच्या मुलीवर संशय घेतो. फक्त कॉलिन्सने रक्ताच्या जागी रंगाचा डाग ठेवला, खुनाच्या जागी हिऱ्याची चोरी. हा हिरा आपल्याकडचा. १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा एका इंग्रज अधिकाऱ्याने तो लुटलेला असतो. म्हणजे कादंबरीतलं घर पोलिसापासून जे लपवतं, त्यात साम्राज्याचीही एक चोरी आहे. आणि कादंबरीतली मुलगी निर्दोष निघते.

आता त्या पाच वर्षांकडे परत जाऊ. या काळात इंग्लंडमधले वाचक घरबसल्या तपास करत होते. लोक वर्तमानपत्रांना आणि पोलिसांना पत्रं लिहून आपापल्या थिअऱ्या कळवत होते. खुद्द डिकन्सची खात्री होती की बाप आणि दाई एलिझाबेथ गॉफ यांनीच हे केलं. त्या गॉफला दोनदा अटक झाली, दोनदा सोडलं. बापाकडे लोक मुलाचा मारेकरी म्हणून बघत राहिले.

डिटेक्टिव्ह कथा आवडण्याचं कारण आपण बहुतेकदा 'शेवटी सत्य कळतं' असं सांगतो. ते खरं आहेच. व्हिचरला पुरावा मिळाला नाही, कफच्या वाचकाला शेवटी सगळा हिशेब मिळतो. पण मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. कादंबरीत संशय फुकट असतो. पहिल्या प्रकरणात आपण बटलरवर घेतो, पाचव्यात काकूवर, दहाव्यात डॉक्टरवर, आणि पुस्तक मिटलं की कुणाचीच नोकरी, इज्जत गेलेली नसते. खऱ्या प्रकरणात तोच खेळ खेळला की त्याची किंमत एखादी गॉफ मोजते. कॉन्स्टन्सला सोडणारे मॅजिस्ट्रेट निकालात चुकले असतील, पण पुराव्याशिवाय अडकवायचं नाही या तत्त्वात चुकले नव्हते. व्हिचर बरोबर होता हे आपल्याला १८६५मुळे कळतं. १८६०मध्ये तोही एक अंदाजच होता.

आज एखाद्या खऱ्या खुनाची बातमी आली की संध्याकाळपर्यंत ग्रुपवर तीन-चार आरोपी ठरलेले असतात, त्यांच्या फोटोंवर गोल काढलेले असतात. ही भूक १८६०चीच आहे. तिच्यासाठी मूनस्टोन, होम्स, क्रिस्टी हे सगळे आहेत. तिथे पोटभर संशय घ्यावा.