निद्राळू मेंदूदाह आणि त्यानंतरची वर्षे

एन्सेफलायटिस लेथार्जिका, म्हणजे निद्राळू मेंदूदाह, या आजाराचे पहिले नेमके वर्णन व्हिएन्नातील मेंदूविकारतज्ज्ञ कॉन्स्टान्टिन फॉन एकोनोमो यांनी १९१७ मध्ये केले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये क्रुशे यांनाही असे रुग्ण आढळत होते. रुग्णाला ताप येई, पापण्या उचलत नसत, एकाच्या दोन वस्तू दिसत आणि जेवताना घास तोंडात असतानाच झोप लागे. हलवून जागे केले तर तो विचारल्याचे नीट उत्तर देई आणि पुन्हा पेंगू लागे. काहींची झोप मात्र पार उडत असे. सुमारे एक तृतीयांश रुग्ण दगावले. १९२७ च्या आसपास साथ ओसरली.

वाचलेल्यांची कहाणी मात्र साथ चालू असतानाच सुरू झाली होती. बरे होऊन कामाला लागलेल्या माणसांचे हातपाय काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी, ताठरू लागले, म्हणजेच त्यांना कंपवात जडू लागला. पॅरिसमध्ये ट्रेट्याकॉफ यांनी १९१९ मध्ये अशा कंपवाताचा संबंध मध्यमेंदूतील काळसर पेशीसमूहाच्या ऱ्हासाशी जोडला. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या नाव्हिल यांनी विचारांच्या मंदगतीकडे लक्ष वेधले: बुद्धी शाबूत, पण विचार सुरू व्हायलाच वेळ लागे.

परिणाम काय होणार, हे बऱ्याच अंशी वयावर ठरे. प्रौढांना कंपवात जडे. लहान मुलांचा स्वभावच पालटे. आजवर गुणी असलेले मूल खोटे बोलू लागे, चोऱ्या करी, चावे, रात्रभर धिंगाणा घाली आणि नंतर आपणच रडून पश्चात्ताप करी. बुद्धिमापन चाचणीत यातली बरीच मुले ठीकठाक उतरत, त्यामुळे शाळेला आणि घरच्यांना तो निव्वळ वांडपणा वाटे. लंडनमधील विंचमोर हिलच्या रुग्णालयात १९२५ मध्ये अशा मुलांसाठी वेगळा विभाग काढावा लागला.

मूळ आजार किती तीव्र होता, यावरून मात्र भाकीत करता येत नसे. चार दिवस सुस्ती आली एवढेच आठवणारी माणसेही पुढे ताठरली.

या आजारासाठी १९१८ च्या फ्लूला दोष देणे सोपे होते, आणि तो दिलाही गेला. पण व्हिएन्नातील रुग्ण त्या साथीच्या आधीचे होते, आणि एकोनोमो यांनी हा संबंध कधीच मानला नाही. जपून ठेवलेल्या मेंदूंच्या तुकड्यांच्या २००१ मधील तपासणीत फ्लूच्या विषाणूचा माग लागला नाही. पुढे स्वप्रतिकारशक्तीच्या बिघाडाकडे, तसेच आतड्यांतून शिरणाऱ्या विषाणूंकडेही बोट दाखवले गेले. कोणतेच कारण सिद्ध झालेले नाही.

लेव्होडोपा हे कंपवातावरचे औषध आले तेव्हा विंचमोर हिलच्या त्याच रुग्णालयातील डॉक्टरांनी आणि न्यूयॉर्कमध्ये मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी १९६९ मध्ये ते जुन्या रुग्णांवर वापरून पाहिले. न्यूयॉर्कमध्ये दशकानुदशके निश्चल बसलेली माणसे चालू-बोलू लागली. पण बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत झटके, उन्माद आणि पुन्हा ताठरता असे चक्र सुरू झाले.