फितूर कोण? बंगळूरचा किल्ला, २१ मार्च १७९१

बंगळूरला पोस्टिंग झालेल्या बहुतेकांना इथे किल्ला आहे हेच ठाऊक नसते. के. आर. मार्केटच्या गर्दीत, बसस्टँड आणि फुलबाजार यांच्या शेजारी, दिल्ली दरवाजा आणि दगडी तटाचा एक तुकडा एवढेच आता शिल्लक आहे. केंपेगौडाचा मूळचा मातीचा किल्ला हैदरअलीने दगडात बांधून काढला, आणि पुढे इंग्रजांच्या काळात त्याचा बराचसा भाग पाडला गेला. उरलेल्या तटावर एक पाटी आहे. २१ मार्च १७९१ रोजी इंग्रजी फौजेने याच खिंडारातून हल्ला चढवला, असे ती सांगते. पाटी जिंकणाऱ्यांनी लावलेली असल्यामुळे तिच्यावर किल्लेदाराचे नाव नाही.

त्या किल्लेदाराचे नाव बहादूरखान. मार्केटजवळच एक दर्गा आहे आणि तो त्याचाच, असे लोक मानतात. फुले चढवायला सर्व धर्मांची माणसे येतात. ज्या इंग्रजांनी किल्ला घेतला त्यांनीही आपल्या मृतांसाठी एक उंच स्मारक उभारले होते. ते १९६४ साली पाडण्यात आले आणि त्याच्या नावाचा सेनोटाफ रोड पुढे नृपतुंग रोड झाला. हरलेल्याची कबर जागती राहिली आणि जिंकलेल्याचा खांब गेला.

या वेढ्यात तिसरा एक माणूस आहे. त्याची कबरही नाही आणि खांबही नाही. तो म्हणजे टिपूचा खजिनदार कृष्णराव. हा किल्ला त्याच्या फितुरीने पडला असे लिहून ठेवलेले आहे. युद्धावरच्या लिखाणात इमान आणि बेइमानी कशी येते, याचा विचार करायला मला त्याचे प्रकरण उपयोगी वाटते.

आधी घटना पाहू. तिसरे म्हैसूर युद्ध सुरू होते. इंग्रज, निजाम आणि पेशवे एका बाजूला, टिपू एकटा दुसऱ्या बाजूला. लॉर्ड कॉर्नवॉलिस ५ मार्चला बंगळूरपुढे आला. ७ तारखेला त्याने तटबंदी असलेली पेठ घेतली. त्या हल्ल्यात वेशीवर मद्रास तोफखान्याचा लेफ्टनंट कर्नल मूरहाउस मारला गेला. रॉबर्ट होमने त्याच्या मृत्यूचे चित्र काढले, त्यामुळे त्याचे नाव राहिले. मग तोफा किल्ल्याच्या तटाला भिडल्या. टिपू आपल्या मुख्य फौजेसह काही मैलांवरच होता. म्हणजे वेढा घालणाऱ्या कॉर्नवॉलिसच्या पाठीवरही शत्रू होता आणि त्याच्या छावणीत बैलांना वैरण उरली नव्हती. अशा स्थितीत सेनापतीपुढे दोनच वाटा असतात, लवकर हल्ला करायचा किंवा तोफा सोडून परत फिरायचे. २१ मार्चच्या रात्री, चांदण्यात, त्याने हल्ला केला. खिंडार अजून अवघड होते, पण सैनिक शिड्यांच्या मदतीने वर चढले. बहादूरखान खिंडाराशीच लढताना पडला. विल्क्स या इंग्रज इतिहासकाराने त्याचे वर्णन केले आहे. वय सत्तरच्या घरात, उंच, धिप्पाड, पांढरी दाढी पोटापर्यंत आलेली.

कॉर्नवॉलिसने त्याचा देह टिपूकडे पाठवण्याची तयारी दाखवली. जिथे तो पडला तिथेच, तिथल्या मुसलमानांच्या हातून त्याचे दफन व्हावे, यापेक्षा मोठा मान नाही, अशा अर्थाचे उत्तर टिपूने दिले. युद्धाच्या धामधुमीत दोन सेनापतींमध्ये झालेली ही देवाणघेवाण मला आजही लष्करी सभ्यतेचा चांगला नमुना वाटते.

आता कृष्णराव. मीर हुसेन अली किरमाणी हा हैदर आणि टिपूच्या चाकरीत राहिलेला माणूस. राज्य बुडाल्यानंतर त्याने फारसीत ‘निशान-ए-हैदरी’ लिहिली. तिच्यात किल्ला पडण्याचे कारण कृष्णरावाची फितुरी असे दिले आहे. त्याने आतून शत्रूशी संधान बांधले आणि योग्य वेळ कळवली, असा आरोप आहे. त्याच वर्षी श्रीरंगपट्टणला कृष्णराव आणि त्याचे भाऊ राजद्रोहाच्या आरोपावरून मारले गेले.

उलट हल्ला ज्यांनी केला त्या इंग्रजांच्या वर्णनात मोर्चे, तोफा, खिंडार आणि शिड्या आहेत. किल्ला आतून उघडला गेल्याचे त्यात येत नाही. कोणी म्हणेल, इंग्रज आपली मर्दुमकी कमी कशाला करतील? शंका रास्त आहे. पण हिंदुस्थानातल्या लढायांबद्दल लिहिताना लाच देऊन किंवा फोडून मिळवलेले यश इंग्रजांनी नेहमीच लपवलेले नाही. शिवाय ज्याला खिंडारावर प्राण द्यावे लागले तो बहादूरखान आहे. दरवाजा आतून उघडणार असता तर खिंडारातून जाण्याची गरज काय होती?

कृष्णराव निर्दोष होता असे मला म्हणायचे नाही. त्याने पत्रव्यवहार केला असेलही. पण पत्रव्यवहार करणे वेगळे आणि त्यामुळे किल्ला पडणे वेगळे. दुसरी गोष्ट वेगळ्या पुराव्याने सिद्ध करावी लागते. आमच्याकडे कोर्ट ऑफ इन्क्वायरीत पहिला धडा हाच असतो, माणूस वाईट आहे हे दाखवून अपघाताचे कारण सापडत नाही. बंगळूरच्या बाबतीत साधे लष्करी प्रश्न विचारावे लागतात. जवळ उभ्या असलेल्या मुख्य फौजेने हल्ला होत असताना काय केले? खिंडार पडलेले दिसत असताना त्यामागे दुसरी आडभिंत का नव्हती? रात्रीच्या हल्ल्याची अपेक्षा होती का? या प्रश्नांची उत्तरे टिपूच्या सेनापतित्वापर्यंत जातात. फितुरीची कथा तिथे जाऊ देत नाही, आणि तिचे आकर्षण त्यातच आहे.

युद्धाचे साहित्य हरलेल्यांच्या बाजूने लिहिले जाते तेव्हा त्यात फितूर हवाच असतो. तो सर्वांची सोय करतो. राजा शूर राहतो, सैन्य अजिंक्य राहते आणि अपयश एका माणसाच्या नावावर जमा होते. आठ वर्षांनी, ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले तेव्हा हाच साचा पुन्हा वापरला गेला. मीर सादिकने पगार वाटण्याच्या निमित्ताने खिंडारावरचे शिपाई मागे बोलावले, असे सांगतात. त्याला म्हैसूरच्याच शिपायांनी मारले. इकबालने ‘जावेदनामा’त बंगालचा जाफर आणि दख्खनचा सादिक अशी जोडी लावून दिल्यावर तर ते नाव शिवीच झाले. सादिक दोषी असेल. पण १७९९ मध्ये टिपूकडे अर्धे राज्यच उरले होते, बाकीचे अर्धे १७९२ च्या तहात गेले होते, हे त्या कवितेत कसे येणार?

आपण मराठी माणसांनी यावर हसायचे कारण नाही. आपल्याकडे सूर्याजी पिसाळ आहे. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला तो वाईच्या देशमुखीसाठी पिसाळाने केलेल्या फितुरीमुळे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्याचे नाव इतके रुळले आहे की कोणालाही ‘सूर्याजी पिसाळ’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. पण छत्रपती संभाजी महाराजांच्या हत्येनंतर गड किती महिने वेढ्यात होता, राजाराम महाराज जिंजीकडे गेल्यावर बाहेरून मदत येण्याची आशा किती होती, दाणागोटा किती उरला होता, हे प्रश्न क्वचित विचारले जातात. एक नाव मिळाले की चौकशी संपते.

या युद्धात मराठे कुठे होते? परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या वेढ्यात होते, सोबत कॅप्टन लिटलच्या हाताखाली मुंबईच्या पलटणी. धारवाडचा किल्लेदार बदरुज्जमानखान. सप्टेंबर १७९० पासून त्याने सहा महिन्यांहून अधिक काळ किल्ला झुंजवला आणि एप्रिल १७९१ च्या सुरुवातीला अटी ठरवून खाली केला. बाहेर पडलेल्या त्याच्या लोकांवर मराठ्यांनी हल्ला केला. खान जखमी झाला, कैद झाला. अटी आधी त्यानेच मोडल्या असा ठपका आपल्या बाजूने ठेवला. खरे-खोटे काहीही असो, सहा महिने इमानाने लढलेल्या शत्रूला दिलेला शब्द निभावला गेला नाही, एवढे उरते.

याला मागची बाजूही आहे. १७८५ मध्ये टिपूच्या फौजेने नरगुंद घेतले, तेव्हा व्यंकटराव भावे आणि कारभारी काळोपंत पेठे यांनाही वचन देऊनच खाली उतरवले होते आणि मग कबालदुर्गावर कैदेत टाकले होते. नरगुंदची आठवण धारवाडच्या तळावर कोणाला नव्हती असे म्हणणे कठीण आहे. पण आपल्या लिखाणात नरगुंद म्हणजे विश्वासघात आणि धारवाड म्हणजे विजय, असे होते. बेइमानी हा शब्द आपण शत्रूसाठी राखून ठेवतो.

त्याच एप्रिलमध्ये पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शृंगेरीच्या स्वामींना टिपूने लिहिलेली कानडी पत्रे १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याचे आर. नरसिंहाचार यांनी उजेडात आणली. त्यांत तो लुटारूंचा निषेध करतो, मूर्तीच्या पुन्हा प्रतिष्ठापनेसाठी मदत देतो आणि गुरूशी द्रोह करणाऱ्यांचा वंश बुडेल अशा अर्थाचे लिहितो. ज्याच्याविरुद्ध आपण धर्मरक्षणासाठी लढत होतो असे आपल्या कथा सांगतात, तोच इथे आपल्याला द्रोही म्हणतो आहे. यात टिपूचे राजकारण असेलच. तरीही मराठी वाचकाने ती पत्रे एकदा वाचावीत. द्रोहाचा शिक्का दुसऱ्या बाजूने कसा दिसतो ते कळते.

इमानाचा आणखी एक गुंता मे महिन्यात दिसला. कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणपर्यंत पोहोचला, पण उपासमार आणि रोगराईने त्याची फौज मोडकळीस आली. २६ मेच्या सुमारास तो आपल्या अवजड तोफा फोडून माघारी फिरला, आणि त्याच वेळी मेलकोट्याच्या बाजूने घोडदळ येताना दिसले. आधी ते टिपूचे वाटले. ते निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊंचे. चार दिवस आधी आले असते तर तोफा वाचल्या असत्या. मराठ्यांनी मुद्दाम उशीर केला का? शंका घ्यायला जागा होती. पण कारण साधे होते. निरोप घेऊन निघालेले जासूद टिपूच्या स्वारांनी वाटेतच पकडले होते, त्यामुळे एका फौजेला दुसरीचा पत्ताच नव्हता. ज्यांनी सिग्नलचे काम केले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दळणवळण तुटले की पहिल्यांदा रसद जाते असे आपण म्हणतो. माझ्या मते पहिल्यांदा विश्वास जातो.

पटवर्धन दप्तरातली त्या काळची पत्रे वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापली आहेत. बखर वाचून मग ती पत्रे वाचावीत. बखरीत इमान आणि फितुरी असते. पत्रांत दाणा, वैरण, शिबंदीचा पगार आणि सावकाराचे देणे असते. माणसे का टिकतात आणि का फुटतात, हे दुसऱ्या प्रकारच्या कागदांत अधिक कळते.

आता मूळ प्रश्न. इमान कोणाशी? आपल्या सेनेत आजही ‘नाम, नमक, निशान’ म्हणतात. अठराव्या शतकात यातला ‘नमक’ सर्वांत जड होता. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यासाठी लढायचे. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर आदिलशाहीने दिली होती. त्याआधी ते निजामशाहीसाठी लढले होते, मध्यंतरी मोगलांकडेही होते. आजच्या अर्थाने त्यांना काय म्हणाल? कॉर्नवॉलिसच्या फौजेतले बहुसंख्य शिपाई याच दक्षिण देशातले होते. ज्या मद्रास पायोनिअर्सची परंपरा इथे अलसूरला मद्रास सॅपर्स सांगतात, तेही कंपनीचे मीठ खात होते. ते बेइमान नव्हते. स्वतंत्र भारताच्या सेनेने पुढे देशातल्याच सत्तांविरुद्ध मिळवलेले काही रणसन्मान मिरवायचे नाहीत असे ठरवले, पण त्या शिपायांना गद्दार म्हटले नाही. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

म्हणून इमानाची माझी कसोटी साधी आहे. पानिपतावर इब्राहिमखान गारदी आणि बंगळूरच्या खिंडारात बहादूरखान, दोघांनाही दुसरी वाट उपलब्ध होती. ती त्यांनी घेतली नाही. याला लेखणीची मदत लागत नाही, त्यांच्या मरणाची साक्ष पुरते. फितुरीचे तसे नाही. ती अंधारात होते आणि तिची साक्ष बहुधा हरलेली बाजू देते. म्हणून इमानाची गोष्ट एका पुराव्यावर मानायला माझी हरकत नाही. फितुरीच्या गोष्टीला मात्र दोन पुरावे मागावेत, आणि त्यातला एक तरी असा असावा की ज्याला त्या आरोपातून काही मिळवायचे नव्हते.

कृष्णरावाच्या बाबतीत तसा दुसरा पुरावा मला अजून दिसलेला नाही. तो फितूर असेल किंवा नसेल. पण तो आणि त्याचे भाऊ मारले गेले, आणि तरीही पुढच्या वर्षी श्रीरंगपट्टणला टिपूला आपले दोन मुलगे ओलीस द्यावे लागले. फितूर संपला होता. हरण्याची कारणे शिल्लक होती.