लाल कोणता, तपकिरी कोणता?

मला लाल आणि तपकिरी हे रंग वेगळे दिसत नाहीत. मी अकोल्यात वाढलो. कापसाच्या गावात रुई पांढरी आणि सरकी काळी एवढे कळले की भागते. अडले ते स्नूकरच्या खोलीत. तरुणपणी तिथे लाल समजून मी तपकिरी बॉलला टोला हाणला. चार गुण गेले, मित्र पोट धरून हसले आणि मी काठी कायमची भिंतीला टेकवली.

गंमत अशी, की ह्या रंगांच्या संकटाचा उगम आपल्या शेजारचाच. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने लाल आणि काळ्या बॉलांच्या जुन्या खेळात आणखी रंगीत बॉल मिसळले. तेच स्नूकर. त्याच मध्यप्रांताला पुढे १९०३ मध्ये आपला वऱ्हाड जोडला गेला. (हा चेंबरलेन पुढचा पंतप्रधान नव्हे; मुले परीक्षेत हमखास घोटाळा करतील!) त्याआधीचे बिलियर्ड मला मानवले असते. बॉल तीनच: एक लाल, दोन पांढरे, आणि ओळखीसाठी एका पांढऱ्यावर ठिपका. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्डचे जगज्जेते झाले, ते अशाच तीन बॉलांवर.

यंत्राने बॉल ओळखण्याची सुरुवात मात्र डोळ्यांनी झाली नाही. परदेशात नाणे टाकून खेळायची पूलची टेबले आली. पॉकेटमध्ये गेलेले बॉल ती गिळून टाकीत. पण पांढरा परत दिलाच पाहिजे, नाहीतर खेळ बंद. म्हणून पांढरा किंचित मोठा केला, की आतली वाट त्याला निराळीकडे वळवी; पुढे त्याच्या पोटात लोहचुंबकाला दाद देणारा धातू घातला. आंधळ्याने चाचपून माणूस ओळखावा, तसे ते टेबल!

आता कॅमेरा आला. अमरावतीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने टेबलावर तो टांगला आहे. वरून चित्र घ्यायचे, गोल शोधायचे, प्रत्येकात कोणता रंग किती ते मोजायचे. पूलचे पट्टेवाले बॉल लबाड. पांढरी बाजू वर करून बसले की पट्टा लपतो. मी पाहायला गेलो त्या दिवशी खोलीत पिवळा दिवा होता, आणि यंत्राने तपकिरीला बिनदिक्कत लाल ठरवले.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

"सर, दिवा बदलला की सुधारेल ते," तो ओशाळून म्हणाला.

"अरे, माझा दिवा कोण बदलणार?"

तेव्हा त्याने सांगितले, की २००२ चा स्नूकरचा जगज्जेता पीटर एब्डन ह्यालाही रंग नीट ओळखता येत नाहीत. आणि अशा खेळाडूने विचारले, तर पंचाने बॉलचा रंग सांगावा असा नियमच आहे. इतकी वर्षे मी नुसते विचारायचे राहिलो होतो.

त्याने पांढरा दिवा लावला, काठीला खडू घासला आणि ती माझ्या हाती दिली. मी वाकलो.

"हा कोणता रे?"

"तपकिरी, सर. डावीकडचा लाल."