नदीकाठची पाटी

रस्त्याकडेच्या ऐतिहासिक पाट्या वाचण्याचा मला जुना नाद आहे. बहुतेक पाट्या गावाची थोरवी सांगतात: येथे अमका सेनापती उतरला होता, येथे तमक्याने पहिली शाळा काढली. गावाने स्वतःविषयी चांगले बोलावे, यात गैर काही नाही. परंतु आपल्याच अपराधाची पाटी आपल्याच अंगणात लावण्याची पाळी आली, तर गाव काय करते? याचे उत्तर मला अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यातल्या टॅलाहाची काउंटीत सापडले. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याएवढा पसारा. २०२० च्या शिरगणतीत तेथील वस्ती तेरा हजारांच्याही आत होती.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये शिकागोचा एमेट टिल हा चौदा वर्षांचा काळा मुलगा मिसिसिपीत नातलगांकडे आला होता. शेजारच्या काउंटीतील मनी या खेड्यात एका दुकानदाराच्या गोऱ्या बायकोला पाहून त्याने शीळ घातली, असा बोभाटा झाला. २८ ऑगस्टच्या रात्री दुकानदार रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी त्याला घरातून उचलून नेले. तीन दिवसांनी टॅलाहाची नदीत त्याचे प्रेत सापडले. गळ्याला कापसाच्या जिनातला लोखंडी पंखा काटेरी तारेने बांधलेला होता.

खटला समनरच्या कचेरीत चालला. या गावाच्या पाटीवर तेव्हा ‘मुलाला वाढवायला चांगले गाव’ अशा अर्थाचे ब्रीद होते! ज्युरीतील बाराही जण गोरे पुरुष. काउंटीत काळ्यांची वस्ती निम्म्याहून अधिक. पण मतदारयादीत त्यांचे एकही नाव नव्हते, आणि ज्युरी निवडायची ती त्याच यादीतून. एमेटच्या आईच्या मावशीचे यजमान, वृद्ध मोझ राइट, साक्षीला उभे राहिले आणि भर कोर्टात त्यांनी आरोपींकडे बोट दाखवले. त्या काळी तेथे काळ्या माणसाने असे करणे म्हणजे प्राण पणाला लावणेच होते. ज्युरीने ६७ मिनिटांत दोघांनाही निर्दोष सोडले. चार महिन्यांनी, जानेवारी १९५६ मध्ये, ‘लुक’ नियतकालिकात त्या दोघांनी खुनाची कबुली दिली. एकदा सुटल्यावर पुन्हा खटला होणार नव्हता.

कचेरीच्या आवारात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी सैन्याचे स्मारक कितीतरी आधीपासून होते. एमेटविषयी मात्र जवळजवळ पन्नास वर्षे काउंटी गप्प राहिली. काउंटीच्या कारभारी मंडळाचे पहिले काळे अध्यक्ष जेरोम लिटल यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये गोऱ्या आणि काळ्या सभासदांची समिती नेमली गेली. ‘जे आम्ही केले नाही त्याची क्षमा आम्ही का मागावी?’ असा वाद तिच्यातही झाला. अखेर २ ऑक्टोबर २००७ रोजी कचेरीसमोर, एमेटच्या नातलगांच्या देखत, खेदाचा ठराव वाचला गेला. सलोख्याचा आरंभ सत्य सांगण्यापासून होतो, असा त्याचा आशय होता.

सत्य सांगणे म्हणजे काय, हे पुढे नदीने दाखवले. ग्रेबॉल लँडिंग येथे काठावर पाटी लागली. २००८ मध्येच ती कोणी उपटून नेली. दुसरी लावली, तिच्यावर गोळ्यांचा मारा झाला. तिला ३१७ भोके पडली. तिसरी २०१८ मध्ये लागली, आणि पस्तीस दिवसांत तिलाही गोळ्या लागल्या. मग २०१९ मध्ये चौथी बसवली, ती पाचशे पौंडांहून अधिक वजनाची, गोळी न भेदणाऱ्या पोलादाची.

भोके पडलेल्या पाटीचे छायाचित्र मी वर्गात दाखवतो, तेव्हा मुले हटकून विचारतात, “गुरुजी, निर्जीव पाटीला का मारायचे?” मी म्हणतो, पाटीवर जे लिहिले आहे ते खोटे वाटले असते, तर कोणी हसून पुढे गेला असता. खरे आहे म्हणूनच बंदूक उचलावी लागली.

फुटलेली पाटी तशीच उभी ठेवावी, तीच जास्त बोलेल, असेही काहींचे म्हणणे होते. ते अगदीच चुकीचे नाही. ३१७ भोकांची ती पाटी २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडली गेली. परंतु नदीकाठी वाचता येणारी पाटीच हवी. तेथे येणाऱ्याला गोळ्या झाडणाऱ्यांची करामत आधी दिसावी आणि मुलाचे नाव मागाहून, हे बरे नव्हे.

२५ जुलै २०२३ रोजी, एमेटच्या जन्मदिवशी, ग्रेबॉल लँडिंग आणि समनरची कचेरी ही एमेट व त्याची आई मेमी यांच्या नावाच्या राष्ट्रीय स्मारकात दाखल झाली. तो जगता, तर त्या दिवशी ब्याऐंशी वर्षांचा होता. कचेरीचे दालन दुरुस्त करून १९५५ मध्ये होते तसेच ठेवले आहे. मात्र ते नुसते पाहण्यापुरते उरलेले नाही. तेथे आजही खटले चालतात. आणि न्याय मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी बाहेरच्या पाटीवरून जावे लागते.