ऐकलं एकाने, उत्तर दिलं दोघांनी

१८९३च्या सुमाराची गोष्ट. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका मराठी कवीची एका अनोळखी युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. गप्पा धर्मावर आल्या. त्या गृहस्थाने कवीला बायबलचा नवा करार भेट दिला आणि सांगितलं, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. कवी होते नारायण वामन टिळक. त्या माणसाचं नाव त्यांना पुढेही कधी कळलं नाही.

'देवाचा आवाज' म्हटलं की आपल्याला सिनेमा आठवतो. वीज चमकते, ढग फाटतात, आकाशातून घुमणारा स्वर येतो. पण बायबलमधली शमुवेलाची गोष्ट बघा. रात्री या मुलाला कुणीतरी हाक मारतं. त्याला वाटतं, म्हातारे एली गुरुजीच बोलावताहेत. तो तीनदा उठून त्यांच्याकडे धावतो. ही हाक देवाची आहे हे शेवटी एलीच्या लक्षात येतं. म्हणजे ऐकू आलं एकाला आणि ओळखलं दुसऱ्याने.

टिळकांच्या बाबतीत आवाज आला तो छापील पानांतून. जातिभेद नसलेला धर्म हवा, हा विचार त्यांच्या मनात आधीपासून होता. नवा करार वाचताना ते मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकितातली दोन वर्षं जेमतेम भरत आली होती.

बहुतेक चरित्रं इथे थांबून टाळ्या घेतात. पण गोष्टीत आणखी एक माणूस आहे.

लक्ष्मीबाई टिळक तेव्हा २६ वर्षांच्या होत्या. पदरी लहानगा दत्तू. त्या माहेरच्या माणसांत असताना नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी आली. त्या काळच्या ब्राह्मण घरात याचा अर्थ काय होता? नवरा जिवंत, पण त्याच्या घरात जाऊन जेवता येणार नाही. सौभाग्य आहे, संसार नाही. लक्ष्मीबाईंनी काही वर्षं पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी नातेवाइकांच्या आधाराने काढली. ज्या आवाजाने हे सगळं घडवलं, तो त्यांनी ऐकलेलाच नव्हता.

सिस्टीममध्ये एका ठिकाणी बदल केला की दुसरीकडे काय मोडलं, ते लॉग उघडल्यावर कळतं. टिळकांच्या धर्मांतराचा असा लॉग म्हणजे लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे'. त्यात रडणं आहे, संताप आहे आणि स्वतःवरचं हसूही आहे.

पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. आपलं सोवळं, आपलं पाणी, आपली चूल त्यांनी वेगळी ठेवली. मग एकदा विचार करता करता त्यांच्या लक्षात आलं की जाती देवाने केलेल्या नाहीत, त्या माणसांनी केल्या. मग कुणाच्याही हातचं खायला-प्यायला काय हरकत? त्यांनी शिवाशिव सोडली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्यामागे जायचं असतं तर त्या पाच वर्षं आधीच गेल्या असत्या. त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेगाने पोचल्या.

हाक पुन्हा आली. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सगळ्याच ख्रिस्तभक्तांना तिथे जागा असणार होती. ऐकलं पुन्हा टिळकांनीच. बिनपगारी घराचा हिशेब मात्र दोघांचा होता. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. दरबार अर्धाच राहिला, आणि ख्रिस्ताचं चरित्र सांगणारं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही.

देवाचा आवाज खरा की मनाचा खेळ, यावर वाद घालायला आपल्याला आवडतं. मला त्याहून अवघड प्रश्न हा वाटतो: एकाने ऐकलेल्या हाकेची किंमत शेजारच्या माणसाने का मोजावी? टिळकांचा प्रामाणिकपणा मान्य केला तरी हा प्रश्न मिटत नाही. 'स्मृतिचित्रे'ही तो मिटवत नाही, म्हणून ते पुस्तक आजही खरं वाटतं.

लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. लिहा-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, टिळकांमुळे. 'ख्रिस्तायन'चे सुरुवातीचे काही अध्याय टिळकांचे आहेत. बाकीचे, म्हणजे बहुतेक सगळेच, लक्ष्मीबाईंनी लिहून पूर्ण केले.